सिल्लेवानीच्या घाटात जुन्या मोटारी

जुन्या मोटारी म्हटल्या की आपल्यासारख्या संस्थानी शहरांतल्या माणसांच्या डोळ्यांपुढे आधी राजवाडा उभा राहतो. कोल्हापूरकरांना छत्रपतींची मेबॅक आठवते. दसऱ्याला ती बाहेर पडली की लोक तिच्या वाटेवर डोळे लावून उभे राहतात. बडोद्यास २०२३ च्या जानेवारीत लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात जुन्या गाड्यांचे केवढे मोठे प्रदर्शन भरले होते! आणि आम्हां इंदूरकरांच्या मनात घर करून आहे ती महाराज यशवंतराव होळकरांची ड्यूसेनबर्ग. यंत्र अमेरिकेचे, वरचा साज लंडनच्या गर्नी नटिंग कारखान्याचा, रंग काळा आणि नारिंगी. ती परत अमेरिकेला गेली. तिचे फोटो पाहून समाधान मानायचे एवढेच आता आपल्या हाती आहे.

परंतु उभी मोटार पाहणे निराळे आणि चालती मोटार ऐकणे निराळे. ऐकणे हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे. गेल्या हिवाळ्यात काही हौशी मंडळी आपल्या नऊ जुन्या गाड्या घेऊन सातपुड्याच्या सफरीस निघाली, तेव्हा एका स्नेह्यांच्या आग्रहावरून मीही त्यांच्यात सामील झालो. बैतूलपर्यंत निम्म्या गाड्या ट्रकवर लादून आणलेल्या. (ट्रकवर चढवलेली मोटार म्हणजे पालखीतून नेलेला पहिलवान!) तिथून पुढे मात्र साऱ्या आपल्या चाकांवर निघाल्या. तापीचे उगमस्थान मुलताई मागे पडले, रस्ता पांढुर्ण्याकडे उतरू लागला, आणि माझी जागा जिच्यात होती त्या १९३० च्या फोर्डचे गाणे सुरू झाले.

ही फोर्डची ‘ए’ मोटार मोठी विलक्षण. पेट्रोलची टाकी चालकाच्या समोरच, काचेच्या खाली. तेल उंचावरून आपोआप खाली उतरते, पंपाची भानगडच नाही. सुकाणूच्या दांड्याला दोन बारीक दांड्या. उजवी तेलाची. डावी ठिणगीची, म्हणजे सिलिंडरात ठिणगी थोडी आधी पडावी की थोडी मागाहून, हे ठरवणारी. आजच्या गाड्यांत हे काम यंत्र परस्पर करते. इथे ते चालकाने करायचे, आणि तेही कानाने. ठिणगी फार आधी पडू दिली तर चढावर इंजिन ठणठण वाजू लागते. फार मागे ठेवली तर गाडी मरगळते आणि पाणी तापते. हँडल मारताना ती दांडी पुढे राहिली तर हँडल उलटे फिरून मनगट मोडते. गाणे शिकवणे हा माझा धंदा, म्हणून हे सारे मला चटकन पटले. तानपुऱ्याची जवारीही अशीच कानाने लावायची. पुस्तकात वाचून ती कुणाला लागलेली मी पाहिली नाही.

आमच्या गाडीचे सारथ्य मालकांच्या चोवीस वर्षांच्या मुलाकडे होते. शेजारी बसलेले मिस्त्रीकाका पंचाहत्तरीला टेकलेले. पांढुर्ण्याला जाम नदीच्या पुलाजवळ चहासाठी थांबलो तेव्हा गाड्यांभोवती हां हां म्हणता गर्दी जमली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पलीकडच्या सावरगावाशी गोटमार होते ती हीच नदी. त्या दिवशी मात्र दोन्ही काठांची पोरे एकाच रबरी भोंग्यावर तुटून पडली होती. १९५६ मध्ये प्रांतरचना बदलली आणि नागपूर पलीकडे गेले, तरी इथली बोली इथेच राहिली. २०२३ पासून पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा आहे. एका आजोबांनी आम्हांला टोपलीभर संत्री दिली आणि पैसे घ्यायचे काही केल्या कबूल केले नाही.

सौंसरपर्यंत दुतर्फा संत्र्यांच्या बागा. जवळच जामसावळीचा निद्रिस्त मारुती. तिथे नारळ फोडला तेव्हाच काहींना धीर आला. कारण पुढे घाट होता.

सिल्लेवानीचा घाट म्हणजे या सफरीचा खरा बडा ख्याल. वळणावर वळण, खाली दरी, साग आणि बांबू. दुसऱ्या वळणावर फोर्ड ठणठणू लागली. मुलाचा पाय तेलावर आणखी दाबला गेला. काका त्याच्याकडे न पाहताच म्हणाले, “दांडी वर घे. पाय नको, कान लाव.” मुलाने डावी दांडी बोटभर वर सरकवली. ठणठण थांबली. “आता गिअर. क्लच दोनदा दाबायचा, मध्ये इंजिनाला श्वास घेऊ दे.” पहिल्या खेपेस दाते करकरले, दुसऱ्या खेपेस नाही. काका काही बोलले नाहीत, नुसती मान हलवली. अशी मान हलवणारे गुरू मला ठाऊक आहेत.

ही तालीम आता मिळायची कुठे? २०२१ च्या केंद्रीय नियमाप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांची निराळी नोंदणी होते. तिला वीस हजार रुपये शुल्क. अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, संशोधन, रॅली, इंधन आणि दुरुस्ती यांपुरतीच रस्त्यावर आणायची. नियम मला गैर वाटत नाही, धुराचा प्रश्न खराच आहे. पण मग शिकणाऱ्याला घाट दिसणार तो अशा सफरीतच. शिवाय आता पंपांवर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. ते जुने रबर आणि वॉशर खाते, ओल धरते. त्यावर उपाय काय, हे काकांनी छिंदवाड्याच्या मुक्कामी दोन तास समजावले. पुष्कळ मालक मधूनच जेवायला उठून गेले. तो मुलगा तेवढा वही घेऊन बसला होता.

परतीच्या वाटेवर घाट उतरताना काका मागच्या बाकावर माझ्याजवळ येऊन बसले. पुढची जागा त्यांनी मुलाच्या धाकट्या बहिणीला दिली होती.