उल्हासच्या काठी मुक्काम : चांदणे पाहावे की पंचांग?

दिवसभर होडी वल्हवीत जावे आणि रात्र नदीकाठी राहुटीत काढावी, अशी हौस कोणासही वाटावी. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या रहिवाशांना त्यासाठी दूर जावयास नको. उल्हास नदी दाराशीच आहे. मात्र कल्याणच्या वर ती नदी आहे आणि दुर्गाडीखाली खाडी. या दोन्ही ठिकाणी मुक्कामाचे नियम निराळे आहेत.

राजमाचीच्या दरीतून निघालेली उल्हास कर्जत, नेरळ, बदलापूर अशी उतरत येते. उन्हाळ्यातही ती वाहती राहते, याचे बरेचसे श्रेय भिवपुरीच्या जलविद्युत केंद्राला द्यावे लागेल. हे केंद्र १९२२ साली सुरू झाले. घाटमाथ्यावर ठोकरवाडीच्या धरणात साठलेले आंध्रा नदीचे पाणी तेथे वीज निर्माण करून उल्हासच्या खोऱ्यात उतरते. वीजनिर्मिती कमीअधिक होईल तसा हा ओघही कमीअधिक होतो. म्हणून सायंकाळी कोरडा व सपाट दिसणारा पात्रातील वाळूचा पट्टा कितीही मोहक वाटला तरी तेथे राहुटी ठोकू नये. काठावरील झाडांच्या फांद्यांत पूर्वीच्या पुराचा गाळ व काटक्या अडकलेल्या दिसतात. ती खूण पाहून त्याहून उंच जागा निवडावी. पावसाळ्यात तर हा बेत करूच नये. २६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणी दरम्यान याच नदीच्या पुरात अडकली आणि दुसऱ्या दिवशी सुमारे १,०५० प्रवाशांना बाहेर काढावे लागले. जेथे आगगाडी अडते, तेथे राहुटीची काय कथा!

दुर्गाडीखाली पुराची जागा भरती-ओहोटी घेते. कल्याणहून कशेळी, पुढे घोडबंदरपर्यंतचा जलमार्ग सुमारे सहा तासांच्या एका ओहोटीत वल्ह्याने पुरा होईल, असे धरून निघू नये. वाटेत थांबणे आलेच. येथे हौशी मंडळींची एक चूक ठरलेली असते. ती पौर्णिमा निवडतात.

भरतीची वेळ काढण्याची किनाऱ्यावरील जुनी रीत सोपी आहे : तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. चंद्र दररोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येतो, त्यावर हा हिशेब बेतलेला आहे. तो मुंबईच्या किनाऱ्याचा व स्थूल मानाचा आहे. खाडीत आत भरती उशिरा पोहोचते. तो फरक स्थानिक नावाड्यास विचारून घ्यावा आणि भरतीचे छापील कोष्टकही पाहावे.

आता पौर्णिमेचा मुक्काम पाहू. सायंकाळी किनारा गाठावा तो ओहोटी. होडी आणि काठ यांच्यामध्ये गुडघाभर चिखल. मध्यरात्रीच्या सुमारास उधाणाची भरती राहुटीकडे चढू लागते आणि पहाटे निघावे तो पुन्हा चिखल. उधाणाच्या दिवसांत मुंबईच्या किनाऱ्यावर पाण्याच्या पातळीत ४ ते ५ मीटरचा फरक पडतो. अष्टमीला भांगाची भरती असते. पाणी कमी चढते, ओढही मंद असते. मुख्य म्हणजे भरती दिवेलागणीच्या सुमारास येते व पुन्हा सकाळी येते. होडी काठाला लागते आणि काठावरूनच सुटते. पौर्णिमेचे चांदणे पाहावयास घराची गच्ची पुरेशी आहे.

होडी बांधताना दोराला पुरेशी ढील ठेवावी. आखूड दोराने भरतीत बांधलेली होडी ओहोटीत कलंडते किंवा लोंबकळते. रेतीच्या उपशामुळे खाडीचा तळ ठिकठिकाणी अकस्मात खोल झाला आहे, तेव्हा होडी ढकलण्यासाठी अंधारात पाण्यात उतरणे धोक्याचे आहे. अंगात जीवरक्षक जाकीट असावेच.

काठावर बहुतेक ठिकाणी कांदळवन आहे. तेथील जमीन भरतीखाली जाते, शिवाय ती झाडे तोडणे वा जाळणे हा गुन्हा आहे. मुक्काम गावालगतच्या उंच, पक्क्या जागी, गावकऱ्यांना व पोलीस ठाण्याला कळवून करावा. वनक्षेत्र असल्यास वन विभागाची परवानगी आधी घ्यावी. वरच्या पात्रातून अनेक शहरांचे पिण्याचे पाणी उचलले जाते, म्हणून तेथे साबण, खरकटे नदीत जाऊ देऊ नये. खाली खाडीचे पाणी खारे आणि सांडपाण्याने दूषित आहे. ते उकळूनही पिण्याजोगे होत नाही. दोन दिवसांचे पाणी घरूनच न्यावे.