नदी, जमीन आणि वीज : लेखांक ९
कलमातील ‘कंपनी’ : मुळशीपासून दामोदरपर्यंत

काकासाहेब गाडगीळ यांनी बांधकाम, खाणी व वीज या खात्यांचे मंत्री म्हणून १९४८ साली संमत करून घेतलेला दामोदर खोरे महामंडळाचा कायदा पूरनियंत्रण, सिंचन आणि वीजनिर्मिती या अंगांनीच बहुधा वाचला जातो. त्यातील भूसंपादनाचे छोटेसे कलम मात्र अभ्यासकांच्याही नजरेतून निसटते. ठरल्याप्रमाणे या लेखांकात तिलैया, कोनार, मैथन व पंचेत या चार धरणांचे वर्णन यावयाचे होते. परंतु मुळशीच्या सत्याग्रहाने हादरलेल्या पुण्यातील नेत्याने घडविलेल्या कायद्यात मुळशीचा धडा कोठे दिसतो, असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे. त्याचे उत्तर याच कलमात दडलेले असल्याने धरणांचे वर्णन पुढील आठवड्यावर टाकणे इष्ट ठरते.

मुळशीच्या प्रकरणातील कायद्याचा भाग प्रथम ध्यानी घेतला पाहिजे. १८९४ च्या भूसंपादन कायद्याने सरकारला ‘सार्वजनिक प्रयोजना’साठी, म्हणजे लोकांच्या सामाईक हिताच्या कामासाठी, मालकाच्या संमतीवाचून जमीन घेण्याचा अधिकार दिला होता, आणि त्याच कायद्याच्या सातव्या भागात खासगी कंपनीसाठीही जमीन संपादन करण्याची सोय होती. कंपनीने सरकारशी करार करावा, भरपाईचा खर्च सोसावा आणि सरकारने आपल्या अधिकाराने जमीन मिळवून तिच्या स्वाधीन करावी, अशी ती रचना होती. नीला व मुळा यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीचे धरण उभे राहत असता मावळातील पन्नासहून अधिक गावांवर जे संकट आले, त्याच्या मुळाशी हीच रचना होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, सुरू झालेल्या आणि पुढे सेनापती बापटांच्या नावाशी जोडल्या गेलेल्या त्या सत्याग्रहाने वाजवी मोबदल्यापलीकडचा प्रश्न उभा केला होता : मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळावी म्हणून मावळातील भातखाचरे बुडणार असतील, तर ते प्रयोजन ‘सार्वजनिक’ कसे?

स्वातंत्र्यानंतर या प्रश्नाचे एक उत्तर सहज सुचण्यासारखे होते, ते म्हणजे वीज खासगी नफ्याच्या कक्षेतून काढून सार्वजनिक संस्थेच्या हाती द्यावी. १९३३ साली अमेरिकेत टेनेसी नदीच्या खोऱ्यासाठी स्थापन झालेल्या प्राधिकरणाचा नमुना समोर होता; आणि केंद्र, बिहार व पश्चिम बंगाल या तीन सरकारांच्या भागीदारीतील महामंडळ ७ जुलै १९४८ रोजी अस्तित्वात आले. त्याच वर्षी संमत झालेल्या वीजपुरवठा कायद्याने प्रांतोप्रांती वीज मंडळांचा पाया घातला. नदीचे संपूर्ण खोरे हा नियोजनाचा एकच घटक मानणारी ही दृष्टी थोर होती आणि तिचे श्रेय काकासाहेबांना निःसंकोचपणे दिले पाहिजे.

तथापि महामंडळ हे सरकारी खाते नव्हते, ती कायद्याने निर्माण केलेली स्वतंत्र संस्था होती, आणि तिच्यासाठी जमीन कोणत्या वाटेने घ्यावयाची हे ठरविणे आवश्यक होते. कायद्याने येथे ‘मानीव तरतुदी’चा, म्हणजे एखादी गोष्ट पुराव्यावाचून तशीच आहे असे गृहीत धरण्याच्या युक्तीचा, अवलंब केला. महामंडळाला लागणारी जमीन सार्वजनिक प्रयोजनासाठीच हवी आहे असे मानण्यात यावे, आणि महामंडळ ही जणू कंपनी आहे असे समजून १८९४ च्या कायद्याचा सातवा भाग लागू करावा, असा या कलमाचा आशय आहे. विजेचा मालक बदलला, परंतु जमीन घेण्याचे दार तेच राहिले. मुळशीत विचारलेला प्रश्न दामोदरच्या काठी विचारण्यास कायद्यात जागाच उरली नाही. याउलट विस्थापितांच्या पुनर्वसनाचा उल्लेख महामंडळाला करता येण्याजोग्या कामांत येतो. ते केलेच पाहिजे असे बंधन त्यात नाही. संपादनाच्या बाबतीत ‘मानण्यात यावे’ आणि पुनर्वसनाच्या बाबतीत ‘करता येईल’, एवढ्या दोन क्रियापदांच्या अंतरात हजारो कुटुंबांचे भवितव्य सामावलेले होते.

या कुटुंबांत संथाळ व अन्य आदिवासी मोठ्या संख्येने असल्यामुळे हे अंतर अधिकच गंभीर ठरते. १९०८ च्या छोटानागपूर कुळकायद्याने आदिवासीची जमीन सावकाराच्या घशात जाऊ नये म्हणून विक्री व गहाण यांवर बंधने घातली होती. परंतु सक्तीचे संपादन हा व्यवहार नसून राज्यसंस्थेचा अधिकार असल्याने ते कुंपण त्याला अडवू शकत नव्हते. शिवाय भरपाई मिळते ती नोंदलेल्या हक्काला. गावाची सामाईक कुरणे, पानाफुलांसाठी तुडविलेले रान, पूर्वजांची पवित्र स्थळे यांचा सातबारा नसतो, आणि ज्याचा उतारा नाही त्याचे मूल्यही सरकारी हिशेबात उतरत नाही.

‘मानण्यात यावे’ या शब्दांची पकड सैल होण्यास पुढे बराच काळ लागला. महाराष्ट्राने १९७६ साली प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा केला, १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे संविधानाने विशेष संरक्षण दिलेल्या आदिवासीबहुल प्रदेशात, संपादनापूर्वी ग्रामसभेशी अथवा पंचायतीशी विचारविनिमय आवश्यक केला, आणि २०१३ च्या भूसंपादन कायद्याने अशा क्षेत्रात शक्यतो संपादन करूच नये व करावयाचे झाल्यास ग्रामसभेची अथवा स्थानिक पंचायतीची पूर्वसंमती घ्यावी, असे सांगितले. पुणे जिल्ह्यातील आंबेगाव व जुन्नर तालुक्यांचा पश्चिमेकडील आदिवासी भाग याच अनुसूचित क्षेत्रात मोडतो. म्हणून मुळशीच्या मावळ्यांना कायद्याने नाकारलेला तो प्रश्न विचारण्याचा अधिकार आज तेथील ग्रामसभेपाशी आहे. प्रयोजन सार्वजनिक आहे की नाही, हे ठरविताना ज्याची जमीन जाणार त्याचे मत विचारात घेतलेच पाहिजे, हा मुळशीचा खरा धडा होय. तो १९४८ च्या कायद्यात उतरला नाही, हेच वाचकाच्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर आहे. लांबलेल्या चार धरणांचा विचार पुढील लेखांकात, पंचेतपासून आरंभ करून, होईल.