दोरावरून पाताळात

जड हंडा विहिरीत सोडताना आपण दोराला खांबाचा एक वेढा देतो. मग भार हाताला फारसा जाणवत नाही. उभ्या गुहेत उतरण्याचे साधन हेच काम करते. फरक इतकाच, की हंड्याच्या जागी आपण असतो!

कोणते साधन घ्यावे हे गुहेला विचारावे. अमेरिकेत जॉर्जियातल्या एलिसन गुहेत ५८६ फूट खोल सरळ विवर आहे. तिथे वरच्या टोकाला खालच्या दोराच्याच वजनाने माणूस हलता हलत नाही, आणि तळाशी तेच वजन सरले की भरभर घसरतो. अशा जागी ‘रॅक’ बरा. त्याच्या आडव्या दांड्या लटकतानाच कमीजास्त करता येतात. युरोपात मात्र दोर खडकाला घासू नये म्हणून जागोजाग पुन्हा बांधतात. दर गाठीपाशी साधन एका दोरातून काढून दुसऱ्यात घालायचे. तिथे ‘बॉबिन’ सोयीचे; ते पट्ट्यावरून न सोडताच उघडते, त्यामुळे हातून पडत नाही. आठाच्या आकड्याची कडी स्वस्त खरी, पण दोराला पीळ घालते.

काही बॉबिनांना मूठ असते: दाबली की उतरायचे, सोडली की थांबायचे. ऐकायला छान! पण घाबरलेला माणूस मूठ सोडतो थोडाच? तो ती आणखी आवळतो, नि वेग वाढतो. म्हणून खालचा दोर धरलेला हात सुटता कामा नये. शिवाय चिखलाने माखलेला जुना दोर आणि कोरा बारीक दोर सारखे धावत नाहीत. तेव्हा आपल्याच दोरावर, जमिनीपासून हातभर उंचीवर, आधी लटकून पाहावे.