गाळाची हजेरी

सीबीडी बेलापूर म्हटलं की कोकण भवन, सिडको भवन, महापालिकेचं मुख्यालय डोळ्यांपुढे येतं. याच परिसरातलं मैलापाणी रिचवणारं, रोज १९ दशलक्ष लिटर क्षमतेचं मलप्रक्रिया केंद्र कुणाच्या गावीही नसतं. नेरूळ-वाशीच्या शंभर-शंभर दशलक्ष लिटरच्या केंद्रांपुढे ते लहानच. राबणारे मात्र सगळीकडे तेच, जिवाणू.

इथली पद्धत ‘सी-टेक’. टाकीत मैलापाणी भरता भरताच हवा सोडायची, मग हवा बंद करून गाळ बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी डिकँटरने काढून घ्यायचं. तीन-चार तासांत एक फेरा. संगणकावर चालतं म्हणून आपण याला अत्याधुनिक म्हणतो; पण पाणी सोडून द्यायचं आणि गाळ पुढच्या खेपेसाठी राखायचा, ही युक्ती आर्डर्न आणि लॉकेट यांनी १९१४ मध्येच मँचेस्टरला मांडली होती.

त्या गाळाची तब्येत पाहायची रीत साधी आहे. हवा चालू असताना, काठावरचा फेस टाळून, आतलं चॉकलेटी पाणी घ्यायचं. लिटरभराच्या मोजपात्रात ते अर्धा तास हलवायचं नाही. काही मिनिटांत कण एकमेकांना धरतात, पुंजके होतात, खाली सरकतात आणि वर पाण्याचा स्वच्छ थर दिसू लागतो. गाळ अडीचशे-तीनशेच्या खुणेवर आला तर बरं. आठशेवरच लटकून राहिला तर बहुधा तंतूसारखे जिवाणू माजलेले असतात.

कोण माजलं, हे मात्र मोजपात्र सांगत नाही. त्यासाठी डीएनए काढावा लागतो, आणि तिथे खरी घाई असते. बाटलीचं झाकण लागलं तरी जिवाणू जगतच असतात. ऑक्सिजन संपतो आणि समूहाचा तोल बदलू लागतो. म्हणून नमुना लगेच बर्फात आणि पुढे उणे ८० अंशांत. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २३ देशांतल्या २६९ केंद्रांमधून सुमारे १२०० नमुने असे जमवले होते. जगभर ठळकपणे आढळणारे प्रकार निघाले जेमतेम २८!

कारखान्यांच्या पाण्याची गोष्ट वेगळी. ठाणे-बेलापूर पट्ट्यासाठी पावण्याला सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे. रसायनं, औषधं, रंग अशा कारखान्यांचं पाणी एकत्र येतं तेव्हा सकाळचं पाणी संध्याकाळी तसंच असेल याची खात्री नसते. अमोनियावर जगणारे नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू सावकाश वाढतात आणि विषारी पाण्याला आधी बळी पडतात. तिथला एकच नमुना घेऊन निष्कर्ष काढणं मला तरी धाडसाचं वाटतं. नमुने महिनोन्‌महिने घ्यायला हवेत. आपले नियम बाहेर पडणाऱ्या पाण्याचा बीओडी, सीओडी असे प्रदूषणाचे आकडे विचारतात. आतल्या समूहाची नोंद कुणी मागत नाही.

डीएनएच्या यादीतही एक खोट आहे. मेलेल्यांची नावंही तिच्यात येतात. विषारी पाणी येऊन गेलं, हे ती यादी हाती येण्याआधीच टाकीतल्या ऑक्सिजन मीटरवर कळतं. ब्लोअर तेवढेच चालू असताना आकडा अचानक चढू लागला, तर ऑक्सिजन खाणारे कमी झाले असावेत. जाणता ऑपरेटर अशा वेळी खूश होत नाही, आत येणाऱ्या पाण्याचा सामू तपासायला धावतो.