क्यू-पद्धती

व्यक्तींचे दृष्टिकोन, मते व स्वतःविषयीच्या कल्पना यांचा व्यक्तीच्या स्वतःच्या भूमिकेवरून पद्धतशीर अभ्यास करण्याची सामाजिक शास्त्रांतील एक संशोधनपद्धती. या पद्धतीत एखाद्या विषयावरील अनेक विधाने स्वतंत्र पत्त्यांवर लिहून ती उत्तरदात्याच्या हाती देतात. उत्तरदाता ती विधाने स्वतःला सर्वाधिक मान्य ते सर्वाधिक अमान्य अशा क्रमाने लावतो. अशा निरनिराळ्या व्यक्तींच्या मांडण्यांची परस्परांशी तुलना करून, समान दृष्टीने विचार करणाऱ्यांचे गट सांख्यिकीय रीतीने शोधून काढले जातात. पत्ते लावण्याच्या क्रियेस ‘क्यू-वर्गवारी’ म्हणतात. ‘क्यू-पद्धती’ ही संज्ञा मात्र व्यापक असून तीत विधानांची निवड, वर्गवारी, सांख्यिकीय विश्लेषण आणि अर्थनिर्णयन या सर्वांचा अंतर्भाव होतो.

उगम : या पद्धतीचे जनक विल्यम स्टीव्हन्सन (१९०२–८९) हे ब्रिटिश शास्त्रज्ञ होत. भौतिकी व मानसशास्त्र या दोन्ही विषयांत त्यांनी डॉक्टरेट मिळविली होती. घटक विश्लेषणाचे प्रवर्तक चार्ल्स स्पिअरमन यांच्या हाताखाली लंडन येथे त्यांनी काम केले. १९३५ मध्ये नेचर या नियतकालिकास लिहिलेल्या एका छोट्या पत्रात त्यांनी आपली कल्पना प्रथम मांडली. व्यक्ती-व्यक्तींमधील सहसंबंधाचा विचार त्याच सुमारास गॉडफ्री टॉमसन व सिरिल बर्ट यांनीही केला होता; तथापि बर्ट यांच्या मते ही केवळ नेहमीच्या कोष्टकाची आडवी-उभी अदलाबदल होती, तर स्टीव्हन्सन यांच्या मते ती एक निराळीच शास्त्रीय भूमिका होती. १९३९ मध्ये दोघांनी मिळून लिहिलेल्या एका निबंधात हे मतभेद स्पष्टपणे नोंदविले. पुढे स्टीव्हन्सन अमेरिकेत गेले. तेथे शिकागो विद्यापीठात असताना १९५३ मध्ये त्यांचा द स्टडी ऑफ बिहेव्हिअर हा या विषयावरील प्रमुख ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९५८ नंतर त्यांनी मिसूरी विद्यापीठात वृत्तविद्येच्या क्षेत्रात अध्यापन केले.

मूलभूत कल्पना : मानसशास्त्रातील रूढ मापनात अनेक व्यक्तींना एकच चाचणी देतात आणि एका चाचणीतील गुणांचा दुसऱ्या चाचणीतील गुणांशी सहसंबंध काढतात. येथे चाचण्या हे चल असून व्यक्ती हा नमुना असतो. क्यू-पद्धतीत हे नाते उलटे होते : व्यक्तींनी केलेल्या मांडण्या हे चल आणि विधाने हा नमुना. मात्र महत्त्वाचा फरक याहून खोल आहे. चाचणीतील प्रत्येक प्रश्नाचा अर्थ संशोधकाने आधीच ठरविलेला असतो. उत्तरदात्याने त्या मोजपट्टीवर आपली जागा दाखवावयाची असते. क्यू-वर्गवारीत मोजपट्टी उत्तरदात्याच्या स्वाधीन असते. कोणते विधान महत्त्वाचे आणि कोणते गौण, हे तोच स्वतःच्या दृष्टीने ठरवितो व एका विधानाचे स्थान इतर सर्व विधानांच्या संदर्भात निश्चित करतो. म्हणूनच येथे दृष्टिकोन सुट्या सुट्या उत्तरांची बेरीज म्हणून न पाहता एक सलग आकृती म्हणून पाहिला जातो.

हा भेद एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. असाध्य रोगाची माहिती रोग्याला द्यावी काय, असा प्रश्न सर्वेक्षणात विचारला असता दोन व्यक्ती ‘होय’ असे उत्तर देतील आणि त्यांची गणना एकाच रकान्यात होईल. परंतु पत्ते लावताना एक व्यक्ती या विधानाच्या जोडीला ‘आपल्या देहाविषयीचा निर्णय रोग्यानेच घ्यावा’ हे विधान ठेवील, तर दुसरी ‘कुटुंबास पुढची व्यवस्था करण्यास वेळ मिळावा’ हे विधान ठेवील. पहिलीच्या दृष्टीने तो रोग्याच्या हक्काचा प्रश्न आहे, दुसरीच्या दृष्टीने कुटुंबाच्या कर्तव्याचा. उत्तर एकच असूनही त्यामागील दृष्टी भिन्न आहे, हे शेजारच्या पत्त्यांवरून कळते.

कार्यपद्धती : प्रथम त्या विषयावर समाजात जे जे बोलले जाते त्याचा संग्रह करतात. मुलाखती, वृत्तपत्रे, पुस्तके, भाषणे व नित्याची संभाषणे यांतून विधाने गोळा करतात. ती शक्यतो बोलणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवतात. या संचयातून विषयाच्या सर्व बाजूंचे प्रतिनिधित्व होईल अशा बेताने सामान्यतः ४० ते ८० विधाने निवडतात. विधानांऐवजी चित्रे वा छायाचित्रेही वापरता येतात. त्यामुळे लहान मुले किंवा निरक्षर व्यक्ती यांचाही अभ्यास शक्य होतो.

उत्तरदात्यांची निवड यादृच्छिक रीतीने करीत नाहीत. विषयाशी निरनिराळ्या नात्यांनी संबंधित असलेल्या व्यक्ती हेतुतः निवडतात. त्यांची संख्या बहुधा ३० ते ६० असते, पण एकाच व्यक्तीकडून भिन्न सूचनांनुसार अनेक वर्गवाऱ्या करवून घेऊनही अभ्यास करता येतो. उत्तरदाता प्रथम पत्त्यांचे मान्य, अमान्य व तटस्थ असे तीन ढीग करतो आणि नंतर ते ठराविक आकृतिबंधात मांडतो. उदा., ३६ विधाने असल्यास −४ पासून +४ पर्यंतच्या नऊ रकान्यांत अनुक्रमे २, ३, ४, ६, ६, ६, ४, ३ व २ पत्ते ठेवावयास सांगतात. दोन्ही टोकांना थोड्याच जागा असल्यामुळे आपल्याला खरोखर कशाचे महत्त्व वाटते याची निवड करणे उत्तरदात्यास भाग पडते. ३६ विधानांची प्रत्येकी दोन-दोन अशी तुलना करावयाची म्हटल्यास ६३० तुलना कराव्या लागतील. वर्गवारीत हे काम सुलभ रीतीने उरकते. मांडणी पूर्ण झाल्यावर टोकांना ठेवलेल्या विधानांबद्दल उत्तरदात्याची मुलाखत घेतात व त्याची कारणे टिपून ठेवतात.

विश्लेषण : प्रत्येक मांडणीचा इतर प्रत्येक मांडणीशी सहसंबंध गुणक काढतात. सर्वांचा आकृतिबंध एकच असल्याने हे गणित सोपे होते. वरील उदाहरणात रकान्यांच्या मूल्यांच्या वर्गांची बेरीज १६२ येते. दोन व्यक्तींनी त्याच विधानास दिलेल्या मूल्यांतील फरकांचे वर्ग करून त्यांची बेरीज ३२४ ने भागावी आणि आलेला भागाकार १ मधून वजा करावा. दोन्ही मांडण्या तंतोतंत सारख्या असल्यास गुणक +१, पूर्णपणे उलट असल्यास −१ आणि त्यांत काहीच संबंध नसल्यास शून्याच्या आसपास येतो. या गुणकांच्या कोष्टकाचे घटक विश्लेषण करून घटक काढतात. येथे घटक म्हणजे काही व्यक्तींना समान असलेला दृष्टिकोन होय. ३६ विधानांच्या अभ्यासात एखाद्या व्यक्तीचा घटकभार ०·४३ पेक्षा अधिक असल्यास तो १ टक्का पातळीवर अर्थपूर्ण मानतात. त्यानंतर प्रत्येक घटकासाठी विधानांची एक आदर्श मांडणी तयार करतात आणि मुलाखतींच्या आधारे तिचा अर्थ लावतात. स्टीव्हन्सन व त्यांचे अनुयायी घटकांचे परिभ्रमण संशोधकाच्या विवेकानुसार करण्याच्या बाजूचे होते, तर इतर अनेक संशोधक ते ठराविक गणिती निकषांनुसार करतात. ही आकडेमोड पूर्वी हाताने करीत. आता ती संगणकावर होते.

उपयोग : या तंत्राचा एक गाजलेला उपयोग मानसोपचारात झाला. शिकागो येथे कार्ल रॉजर्स यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, समुपदेशन घेणाऱ्या २५ व्यक्तींनी १०० विधाने दोनदा लावली : एकदा ‘मी जसा आहे तसा’ आणि एकदा ‘मला जसे व्हावेसे वाटते तसा’. या दोन मांडण्यांमधील सरासरी सहसंबंध उपचारापूर्वी −०·०१ होता. उपचारानंतर तो ०·३४ झाला. उपचार न घेतलेल्या तुलनागटात तो ०·५८ वरून ०·५९ असा जवळजवळ स्थिर राहिला. मनुष्याचे स्वतःशी असलेले नाते अशा प्रकारे आकड्यांत दिसू लागले. जॅक ब्लॉक यांनी १९६१ मध्ये व्यक्तिमत्त्वाच्या वर्णनासाठी १०० विधानांचा संच प्रसिद्ध केला. तथापि अशा संचात तज्ञ दुसऱ्या व्यक्तीचे वर्णन करतो; त्यामुळे तंत्र तेच असले, तरी स्टीव्हन्सन यांचा मूळ हेतू त्यात उरत नाही.

राज्यशास्त्रात स्टीव्हन ब्राऊन यांनी पोलिटिकल सब्जेक्टिव्हिटी (१९८०) या ग्रंथाद्वारे या पद्धतीचा पाया भक्कम केला. समलिंगी स्त्रिया आपल्या अस्मितेचा अर्थ कसा लावतात, याचा सीलिया किट्झिंगर यांनी केलेला अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. जॉन ड्रायझेक व जेफ्री बेरेजिकियन यांनी १९९३ मध्ये अमेरिकन नागरिकांच्या मनातील लोकशाहीविषयक चार भिन्न विचारधारा या पद्धतीने दाखवून दिल्या. परिचर्या, शिक्षण, पर्यावरण आणि लोकसंपर्क या क्षेत्रांतही तिचा वापर होतो.

मर्यादा व मूल्यमापन : ठराविक आकृतिबंधाची सक्ती केल्याने उत्तरदात्याचे खरे मत विकृत होते, असा एक आक्षेप आहे. त्यावर पुरस्कर्त्यांचे उत्तर असे, की आकृतिबंधाच्या आकाराने निष्कर्षांत फारसा फरक पडत नाही. महत्त्व विधानांच्या सापेक्ष क्रमास असते. विधानांची निवड एकांगी असेल, तर जे मत पत्त्यांवरच नाही ते मांडणीत येऊ शकत नाही, हा आक्षेप अधिक गंभीर आहे. शिवाय घटकांची संख्या ठरविणे व त्यांचा अर्थ लावणे यांत संशोधकाच्या निर्णयास वाव राहतोच.

सर्वांत महत्त्वाची मर्यादा उत्तरदात्यांच्या अल्प संख्येतून येते. एखाद्या विषयावर कोणकोणते दृष्टिकोन अस्तित्वात आहेत व त्यांची अंतर्गत रचना कशी आहे, हे क्यू-पद्धती सांगू शकते. परंतु समाजातील किती लोक त्यांपैकी कोणता दृष्टिकोन बाळगतात, हे ती सांगू शकत नाही. चाळीसांपैकी वीस व्यक्ती एका घटकात आल्या, म्हणून निम्मा समाज त्या मताचा आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. त्यासाठी यादृच्छिक नमुन्यावर आधारलेले सर्वेक्षणच करावे लागते. या दृष्टीने दोन्ही पद्धती परस्परपूरक होत : सर्वेक्षण मतांची मोजदाद करते, तर क्यू-पद्धती मोजावयाचे ते मत मुळात काय आहे हे स्पष्ट करते. संख्येने अल्प असलेल्या गटाची भूमिका सर्वेक्षणाच्या सरासरीत लोपून जाते. क्यू-पद्धतीत एखाद-दुसऱ्या व्यक्तीचा दृष्टिकोनही स्वतंत्र घटक म्हणून पुढे येऊ शकतो. व्यक्तिनिष्ठ अनुभव हा शास्त्रीय अभ्यासाच्या कक्षेबाहेरचा नव्हे, हे दाखवून देणे हेच या पद्धतीचे प्रमुख कार्य होय.