हाताने बनवलेलं नेलपॉलिश: चमक कुठून येते, बाटलीत काय असतं

(मुरुड, ता. दापोली, जि. रत्नागिरी येथील व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय वाचून दोन-चार जणांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. नेलपॉलिशवर व्याख्यान? तर हो, नेलपॉलिशवरच. हे महर्षी कर्व्यांचं गाव आहे. १८९३ साली त्यांनी विधवेशी, गोदूबाईंशी, लग्न केलं तेव्हा याच गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला होता. बाईने हातात काय घालायचं आणि काय नाही, हा तेव्हा अख्ख्या गावाच्या पंचाईतीचा विषय होता. तेव्हा इथे नखांवर तासभर बोलायला मला जराही संकोच वाटत नाही.

हा माझा डावा हात. पाच नखं, पाच वेगवेगळ्या बाटल्या. पाचही बाटल्या मोठ्या कंपन्यांच्या नाहीत. एकट्यादुकट्या माणसाने, किंवा दोन-चार जणांच्या चमूने, छोट्या छोट्या घाण्यांमध्ये मिसळून भरलेल्या आहेत. यांना इंडी पॉलिश म्हणतात, म्हणजे स्वतंत्र कारागिरांचं. २०१० च्या सुमारास अमेरिकेत ही लाट आली. दुकानात मिळत होते ते लाल, गुलाबी आणि तपकिरी; ज्यांना बाटलीत अख्खी दिवाळी हवी होती त्यांनी स्वतःच मिसळायला घेतलं आणि एट्सीसारख्या ठिकाणी विकायला सुरुवात केली. कॅनडातली क्रिस्टीन रोटेनबर्ग हे त्यातलं सगळ्यात माहीत असलेलं नाव. ती सरकारी सांख्यिकी खात्यात नोकरी करायची आणि फावल्या वेळात नखांचे व्हिडिओ टाकायची. २०१९ मध्ये तिने ‘होलो टॅको’ नावाचा ब्रँड काढला. आता तो काही घरगुती राहिलेला नाही, पण ‘होलो’ हा शब्द शाळकरी मुलींच्या तोंडी बसवण्यात तिचा मोठा वाटा आहे.

आता हे होलो म्हणजे काय? मोबाइलची बॅटरी लावते, बघा. हे मधलं बोट. ट्यूबलाइटखाली करडं, चांदीच्या जुन्या वाटीसारखं दिसत होतं. बॅटरी पडल्याबरोबर इंद्रधनुष्य. नख हलवलं की पट्टाही सरकतो. गंमत म्हणजे या बाटलीत लाल, हिरवा, निळा असा एकही रंग घातलेला नाही. फक्त ॲल्युमिनियमची अतिशय बारीक भुकटी आहे. मात्र तिच्या प्रत्येक कणावर ओळीने सूक्ष्म चऱ्या उमटवलेल्या असतात. घरात जुनी सीडी असेल तर तिची मागची बाजू आठवा. तिच्यावर १.६ मायक्रॉन अंतराने रेघा असतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशाच्या लहरींची लांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन. रेघांमधलं अंतर लहरींच्या जवळपास आलं की प्रत्येक रंग वेगळ्या कोनात परततो आणि पांढरा प्रकाश फुटून पसरतो. आपल्या नखावर अशा हजारो सीड्या बसलेल्या असतात म्हणा ना. (हशा) याला होलोग्राफिक म्हणतात खरं, पण त्यात होलोग्राम नसतो. होलोग्रामचा शोध डेनिस गॅबर यांचा, त्यासाठी त्यांना १९७१ चं नोबेल मिळालं, आणि तो वेगळा विषय आहे.

यात दोन जाती आहेत. कण केसाच्या जाडीपेक्षाही लहान असले तर डोळ्याला सुटे दिसत नाहीत, सगळं मिळून एकच पट्टा दिसतो. हे लिनिअर होलो. कण मोठे असले तर प्रत्येक ठिपका आपापला रंग मारतो, चांदण्यासारखा. ते स्कॅटर्ड होलो. मला स्वतःला दुसरं जास्त आवडतं, कारण ते कमी उजेडातही थोडंफार बोलतं. लिनिअरला मात्र एका ठिकाणाहून येणारा प्रखर उजेड लागतो: ऊन, बॅटरी, गाडीचा दिवा. म्हणून विकत घेण्यापूर्वी हे ध्यानात ठेवा. जाहिरातीतला फोटो उन्हातला असतो, आणि आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत ऊन कुठलं? कोकणातल्या आषाढात हजार रुपयांचं होलो निव्वळ करडं दिसतं.

अनामिकेवर बघा. हे सरळ पाहिलं तर जांभळं, तिरकं पाहिलं तर हिरवं. याची युक्ती निराळी. इथे चऱ्या नाहीत, पातळ थर आहेत. हर्णै बंदरात पाण्यावर डिझेलचा तवंग पाहिलाय ना? डिझेलला स्वतःला असा रंग नसतो. तवंगाच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठावरून परतलेल्या लहरी एकमेकींत मिसळतात, काही रंग जोर धरतात, काही मरतात. आणि कुठला जोर धरणार हे थराच्या जाडीवर आणि आपल्या कोनावर ठरतं. शिंपल्याच्या आतल्या बाजूचंही तेच. तिथे साधारण अर्ध्या मायक्रॉन जाडीच्या चकत्या एकावर एक रचलेल्या असतात. मोतिया चमकीसाठी कारखान्यात अभ्रकाच्या पापुद्र्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा थर चढवतात. थर थोडा जाड केला की सोनेरी, आणखी जाड केला की तांबूस, मग निळा, मग हिरवा. रंग न बदलता फक्त जाडी बदलायची.

अभ्रकाच्या आधी काय होतं ते तुमच्या अंगणातलं आहे. मासळीचे खवले. वाकटी ताजी असताना आरशासारखी झळकते, तारली झळकते, ती चमक ग्वानिन नावाच्या पदार्थाच्या स्फटिकांची. सतराव्या शतकात पॅरिसमध्ये जपमाळा करणाऱ्या एकाने माशांच्या खवल्यांतली ही चमक काढून पोकळ काचमण्यांत भरली आणि खोटे मोती केले. पुढे तोच अर्क नेलपॉलिशमध्ये शिरला. म्हणजे हर्णैच्या लिलावात जी चमक तुम्ही पाण्याने धुऊन टाकता, तिच्यावर पॅरिसमध्ये धंदा उभा राहिला होता.

अंगठ्यावरची ही जाड चमकी. आपण चमकी म्हणतो, मखराला लावतो त्याला बेगड म्हणतो. बहुतेक वेळा ही पॉलिएस्टरची फिल्म असते, तिच्यावर ॲल्युमिनियमचा मुलामा, वर रंगाचा हात, आणि मग यंत्राने षटकोनी तुकडे. षटकोनी का? कारण कापताना वाया काही जात नाही, मधाच्या पोळ्यासारखे एकाला एक लागून बसतात. हा उद्योग न्यू जर्सीत १९३० च्या दशकात सुरू झाला.

कारागिराचा खरा कस इथे लागतो. स्टेशनरीच्या दुकानातली चमकी आणून नेलपॉलिशमध्ये ओतली तर काय होतं? नेलपॉलिशच्या पातळ द्रवात इथाइल ॲसिटेट, ब्युटाइल ॲसिटेट असतात. ते चमकीचा रंग सोडवून घेतात. पंधरा दिवसांत लाल चमकी रुपेरी होते आणि बाटलीतला द्रव गुलाबी. मी घेतलेल्या एका बाटलीत तर चमकीच्या कडा वळून त्या नखावर काट्यासारख्या उभ्या राहत होत्या. ओढणीला रोज धागा अडकायचा. चांगला कारागीर द्रावक सहन करणारीच चमकी घेतो, तीही आधी द्रवात बुडवून काही आठवडे ठेवतो आणि मग घाणा काढतो. दुसरी अडचण तळाशी बसण्याची. चमकी द्रवापेक्षा जड, आणि कण दुप्पट मोठा झाला तर तो चौपट वेगाने खाली जातो. म्हणून या द्रवात एक विशिष्ट माती मिसळलेली असते. बाटली स्थिर असताना द्रव दह्यासारखा घट्ट धरून राहतो, ढवळला की सैल होतो. तो तयार मिळतो, त्याला सस्पेन्शन बेस म्हणतात. बहुतेक स्वतंत्र कारागीर हा बेस विकतच घेतात. तेव्हा ‘हाताने बनवलेलं’ याचा अर्थ नीट समजून घ्या: रसायन कारखान्यातलं, मिश्रण हाताचं. यात कमीपणा काही नाही. गोडा मसाला करणारी बाई धणे स्वतः पिकवत नाही.

लावताना दोन गोष्टी. पातळ हात द्या, दोन किंवा तीन, आणि मध्ये थांबा. पावसाळ्यात जाड हात दिला तर वर पांढुरका धुरकटपणा येतो. पॉलिश खराब नसतं. द्रव झपाट्याने उडतो तेव्हा पृष्ठभाग थंड पडतो आणि हवेतला दमटपणा त्यावर धरतो. जुने फर्निचर पॉलिशवाले पावसात काम का घेत नाहीत ते त्यांना विचारा, हेच सांगतील.

आता ज्या मुद्द्यासाठी मी मुद्दाम इथे आले तो. व्याख्यानाआधीच बचत गटाच्या दोन ताईंनी मला गाठलं. म्हणाल्या, आम्ही आंबापोळी करतो, कोकम आगळ करतो, तुम्ही म्हणता बेस विकत मिळतो, मग हे घरी का नाही करायचं? मुली हजार-हजार रुपये देतात.

ताई, घरी नाही. कारण सांगते. नखावर सुकून जो पापुद्रा राहतो तो नायट्रोसेल्युलोजचा. पहिल्या महायुद्धानंतर मोटारींना हाच रंग देत आणि तिथूनच तो नखांवर आला. स्फोटकांतला गनकॉटन हा त्याचा सख्खा भाऊ. जुन्या सिनेमाची रीळंही याच घराण्यातली. २००३ च्या जानेवारीत पुण्यात फिल्म संग्रहालयाच्या गोदामाला आग लागली आणि मूकपटांच्या काळापासूनच्या नायट्रेट फिल्म गेल्या. बाटलीतला द्रवही काही कमी नाही. इथाइल ॲसिटेटची वाफ पेट घ्यायला उणे ४ अंश तापमानही पुरतं, म्हणजे आपल्याकडे बाराही महिने. ही वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत सरकत जाते. माजघरात लिटरभर बेस उघडा आणि स्वयंपाकघरात गॅस चालू, एवढंच पुरे. म्हणूनच विमानाने नेलपॉलिश पाठवायला निर्बंध असतात, आणि परदेशातल्या कारागिराची बाटली इकडे यायला एवढे सायास पडतात.

दुसरं कायद्याचं. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा, सौंदर्यप्रसाधनांचे नियम २०२० चे. विकण्यासाठी नेलपॉलिश बनवायचं तर परवाना लागतो; महाराष्ट्रात तो अन्न व औषध प्रशासन देतं. जागा, उपकरणं, जाणकार माणूस, सगळं तपासतात. पण दार अगदी बंद नाही. नियमांत लोन लायसन्स नावाची सोय आहे: परवाना असलेल्या दुसऱ्याच्या कारखान्यात तुम्ही तुमचा माल बनवून घ्यायचा. छटा तुमची, चमकीचं प्रमाण तुमचं, नाव तुमचं. आगीची व्यवस्था असलेली जागा त्यांची. मला विचाराल तर गटाने पैसे घालायचे ते इथे घालावेत. आणि आधी दोनशे बाटल्या विकल्या जातील का, याचा अंदाज घ्यावा. ‘मुरुडची संध्याकाळ’ असं नाव दिलं की खपेल, असं समजू नका. (हशा)

विकत घेणाऱ्यांनी लेबल वाचा. बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख, घटकांची यादी. आयात असेल तर आयातदाराचा पत्ता आणि नोंदणी क्रमांक. यातलं काहीच नसेल आणि फक्त सुंदर नाव असेल, तर ती बाटली कितीही झळकली तरी मी ठेवून देते. ‘फाइव्ह-फ्री’, ‘टेन-फ्री’ असं लिहिलेलं दिसेल. सुरुवात तीनापासून झाली: टोल्युइन, फॉर्माल्डिहाइड, डायब्युटाइल थॅलेट हे तीन नाहीत, एवढाच अर्थ होता. पुढचे आकडे जो तो आपापल्या सोयीने वाढवतो, त्यांची कायदेशीर व्याख्या नाही. अभ्रक कुठलं आहे हेही विचारा. झारखंडात कोडरमा, गिरिडीह भागात अभ्रक वेचायला लहान मुलं जुंपली जातात, हे उघड झालेलं आहे. काही कारागीर म्हणूनच कृत्रिम अभ्रक वापरतात. ते दिसायलाही जास्त स्वच्छ असतं.

प्रश्न: मॅडम, चमकी काढताना नखं सोलवटतात. काय करायचं?

खरवडायचं नाही, हे पहिलं. कापसाचा छोटा बोळा रिमूव्हरमध्ये भिजवून नखावर ठेवा, वरून ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा गुंडाळा आणि पाच-दहा मिनिटं थांबा. मग बोळा दाबून एकाच दिशेने ओढा. बहुतेक चमकी त्याच्याबरोबर येते. हे करताना जवळ दिवा, उदबत्ती काही नको. तो बोळा बेसिनमध्ये धुऊ नका, कचऱ्यात टाका. ती चमकी प्लास्टिक आहे आणि आपली गटारं कुठे जातात ते तुम्हाला माहीत आहे. युरोपने २०२३ च्या ऑक्टोबरपासून सुट्या प्लास्टिक चमकीच्या विक्रीवर बंदी आणली, नेलपॉलिशमधल्या चमकीला २०३५ पर्यंत मुदत दिली आहे. आपल्या शेजारी आंजर्ल्याच्या वाळूत कासवं अंडी घालायला येतात. आपण २०३५ ची वाट कशाला बघायची? बोळा कागदात गुंडाळा आणि कोरड्या कचऱ्यात टाका. रिमूव्हर आधी उडू द्या, मग टाका.

प्रश्न: आणि करंगळीवर काय लावलंय? ते सांगायचं राहिलं.

करंगळीवर साधा लाल. बाकीच्या चौघी कशा दिसतात ते कळायला शेजारी एक साधी लागतेच.