झोपलेलं लिमिट

एक पत्र आलं आणि माझी एक जुनी खपली निघाली.

पत्र वह्या-पुस्तकांच्या एका दुकानदाराचं आहे. दहा लाखांची सी.सी., म्हणजे कॅश क्रेडिटची मर्यादा आहे. जानेवारीत रिन्युअलला गेले, तर मॅनेजरसाहेबांनी ती चार लाखांवर आणली. कारण सांगितलं, ‘वर्षाचा सरासरी वापर दोन लाख. बाकीचं नुसतंच पडून असतं.’ गृहस्थ विचारतात, ‘एक दिवस व्याज थकलं नाही, एक चेक परत गेला नाही. पैसे कमी वापरले याची ही शिक्षा का?’

आधी बँकेची बाजू. न उचललेल्या पैशावर व्याज मिळत नाही, हे उघडच आहे. पण पडून असलेलं लिमिट बँकेला फुकटही पडत नाही. बँकेने किती भांडवल राखावं हे ठरवणाऱ्या बेसल-३ च्या नियमांत वर्षभराच्या आतल्या मर्यादेचा जो भाग उचललेला नाही, त्याचे २० टक्के उचललेच आहेत असं धरतात. म्हणजे आठ लाखांचे १,६०,०००. छोट्या व्यापाऱ्याला जोखीमभार ७५ टक्के, म्हणजे १,२०,०००. त्यावर किमान ९ टक्के भांडवल, म्हणजे १०,८००. मंजुरीपत्राच्या तळाशी ‘बँक ही मर्यादा केव्हाही, पूर्वसूचनेशिवाय रद्द करू शकेल’ असं बारीक अक्षरांत असतं ना? ते तिथे उगाच नसतं. मर्यादा तशी रद्द करता येत असेल, तर २० च्या जागी शून्य धरता येतं. मात्र गिऱ्हाइकाची पत घसरली की ती खरोखर रद्द करता येते, हे बँकेला दाखवावं लागतं.

तरीही आठ लाखांमागे दहा हजार आठशे! एवढ्यासाठी कोणी जुनं गिऱ्हाईक दुखावतं का? खरी भीती वेगळी आहे. धंदा बुडू लागला की माणूस सगळ्यात आधी शिल्लक लिमिट उपसतो. वर्षानुवर्षं झोपलेलं लिमिट नेमकं वाईट दिवशी जागं होतं. बुडायचीच गरज नाही, घाबरगुंडी पुरते. मार्च २०२० मध्ये फोर्ड कंपनीने आपल्या दोन कर्जमर्यादांतून १,५४० कोटी डॉलर एका झटक्यात उचलले होते.

इथपर्यंत मॅनेजरसाहेब बरोबर. चुकले ते सरासरीत. पत्रासोबत आलेला खातेउतारा मी चाळला. एप्रिलात सहा लाख, मेमध्ये साडेनऊ, जूनमध्ये सात, जुलैत दीड, आणि उरलेले आठ महिने शून्य. बेरीज चोवीस, भागिले बारा, दोन लाख. गणित चोख आहे, पण दोन लाख हा आकडा त्या दुकानात एकाही महिन्यात नव्हता. साडेनऊ लाखांच्या गरजेला आता चार लाख मिळणार, तेही शाळा उघडायच्या तोंडावर.

यावरचं औषध जुनं आहे. रिझर्व्ह बँकेने १९७९ मध्ये नेमलेल्या चोरे समितीने सांगितलं होतं की हंगामातली गरज आणि एरवीची गरज यांची दोन वेगळी लिमिटं ठरवा. मी बँकेत होतो तेव्हा आमच्या शाखेत त्या आडनावावर विनोद भरपूर झाले, अहवाल मात्र कोणी उघडला नाही. मीही नाही. रेनकोट विकणाऱ्या एका व्यापाऱ्याचं लिमिट मी ऐन फेब्रुवारीत, असंच सरासरी काढून, निम्म्यावर आणलं होतं. मेमध्ये ते टेबलासमोर येऊन उभे राहिले. वरच्या ऑफिसातून तात्पुरतं ॲडहॉक लिमिट मंजूर होऊन येईपर्यंत मृग लागून गेला होता. ते मला काहीच बोलले नाहीत. पुढच्या वर्षी खातं दुसऱ्या बँकेत नेलं.

न वापरणाऱ्याला कमी, हा हिशेब सरकारी योजनेतही डोकावला. कोविडच्या वेळी, मे २०२० मध्ये जी तातडीची हमीकर्ज योजना आली, तिच्यात २९ फेब्रुवारी २०२० रोजी जेवढं कर्ज बाकी होतं त्याच्या २० टक्के जादा कर्ज होतं. मंजूर लिमिटच्या नव्हे, बाकीच्या २० टक्के. आपल्या पुस्तकवाल्यांचं खातं फेब्रुवारीअखेर कोरं असतं. त्या खात्यावर योजनेतून मिळायचे शून्य रुपये.

तेव्हा पत्रलेखकांना एवढंच सांगतो. तीन वर्षांचे उतारे घ्या आणि सरासरी बाजूला ठेवून दर महिन्याची सर्वांत मोठी बाकी एका कागदावर मांडा. अर्जात ‘लिमिट पूर्ववत करावे’ असं मोघम लिहू नका. ‘एप्रिल ते जुलै दहा लाख, एरवी दोन लाख’ असं लिहा. एरवीचं लिमिट तुम्हीच चारवरून दोनवर आणताय म्हटल्यावर साहेबांनाही वर पटवायला सोपं जाईल. अर्ज मार्च उजाडायच्या आत द्या, आणि प्रतीवर शाखेचा शिक्का घ्यायला विसरू नका.